डाव्या बगलेतला चेंडू

जॉर्जियातल्या आमच्या लॅशली गावात अमेरिकन फुटबॉल खेळताना ज्याच्या हातून चेंडू सुटायचा, त्याला तो लांबट चेंडू बगलेत धरून सात दिवस हिंडावं लागायचं. शाळेत, चर्चमध्ये, किराण्याच्या दुकानात, जेवायला बसताना, अंथरुणात. आणि गावातल्या कुणालाही तो त्याच्या बगलेतून पाडायची मुभा असायची. पोस्टातल्या बाईंना, पाद्रीबाबांना, शेंबड्या पोरांनासुद्धा. चेंडू जमिनीला लागला की शिक्षा एका दिवसाने वाढली. हा नियम आमच्या शाळेच्या टीमचे कोच स्टक्स यांनी आणला तेव्हा मी शाळेत होतो. आता माझी पन्नाशी उलटली, कोच सत्तरीला आले, पण त्यांच्या गळ्यातली शिट्टीही तीच आहे, आणि गेल्या वर्षापर्यंत नियमही तोच होता.

माझे एकदा सातांचे सोळा दिवस झाले होते. त्यातला शेवटचा पाद्रीबाबांनी वाढवला, भर प्रार्थनेत. सगळ्यांचे डोळे मिटलेले, मी डोकं टेकवलेलं, आणि त्यांनी खाली येऊन माझ्या कोपराला हळूच टपली मारली. चेंडू बाकाखालून घरंगळत पार दारापर्यंत गेला. "देवाच्या घरातही धरून ठेव बाबा," म्हणाले. सगळं चर्च हसलं. मीही हसलो, कारण तेव्हा मला वाटायचं की मी एक दिवस देशातल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये खेळणार आणि ही गोष्ट मग टीव्हीवर सांगणार.

पुढे माझा गुडघा गेला. कॉलेजचं पहिलंच वर्ष होतं, पहिलाच सामना. मी परत आलो आणि न्हाव्याचं काम शिकलो. माझ्या दुकानात तीन खुर्च्या आहेत. एकीवर गिऱ्हाईक बसतं, दुसरीवर मासिकं पडलेली असतात, आणि तिसरीवर प्रूइटकाका बसतात. प्रूइटकाकांच्या डोक्यावर एक केस नाही, पण शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते दारात हजर. कापायला काही नाही म्हणून ते जीभ चालवतात, आणि तिला हाड नाही हे सगळ्या जॉर्जियाला माहीत आहे.

जॅरेल माझा भाचा. माझी बहीण व्हर्लीन, तिचं एकुलतं एक पोर. त्याचा बाप फ्लॉरिडाला कामाला म्हणून गेला तो गेलाच. व्हर्लीन भुईमुगाच्या शेंगांच्या गिरणीत, फोलपटांच्या सरकत्या पट्ट्यावर कामाला उभी राहते. ती एकवीस वर्षं तिथं आहे आणि तिचा खोकला बारा वर्षांचा आहे. पोराला मी वाढवलं असं मी म्हणणार नाही, ते तिनेच वाढवलं. पण चेंडू त्याच्या हातात मी दिला. पाच वर्षांचा होता. दुकानामागच्या लाल मातीत उभा करून मी त्याला शिकवलं की चेंडू पाच ठिकाणी टेकला पाहिजे: बोटं, तळवा, मनगटाच्या वरचा हात, दंड आणि बरगडी. एक जागा सुटली की चेंडू सुटला. आणि तो नेहमी बाहेरच्या हातात हवा, मारायला येणाऱ्यापासून लांब. उजवीकडे पळताना उजव्या बगलेत, डावीकडे पळताना डाव्या. पळता पळता हात बदलायचा, पण डोळे समोर.

पोरगं जात्याच पळणारं होतं. पळणाऱ्याचं काम लोकांना सोपं वाटतं. चेंडू पोटाशी घ्यायचा आणि आपल्याहून दुप्पट वजनाच्या माणसांच्या भिंतीत शिरायचं, आणि तिथं फट असेलच असं धरून चालायचं. बहुतेक वेळा नसते. जॅरेलला ती दिसायची. शुक्रवारी संध्याकाळी मैदानाचे दिवे लागले की गिरणीची दुसरी पाळी अर्धी रिकामी व्हायची, आणि मुकादमही ओरडायचा नाही कारण तो आधीच पहिल्या रांगेत बसलेला असायचा. शाळेच्या चार वर्षांत जॅरेलच्या हातून चेंडू फक्त एकदा सुटला. त्याने तो सात दिवस वागवला आणि एकदाही पडू दिला नाही. प्रूइटकाकांनी त्याला चर्चच्या पायरीवर, शिंक येत असतानासुद्धा गाठून बघितलं. नाही पडला.

मग चार तासांवरच्या कॉलेजने त्याला नेलं. शिक्षण, राहणं, खाणं सगळं त्यांचं. व्हर्लीन त्या दिवशी गिरणीच्या कपड्यांतच माझ्या दुकानात आली आणि मधल्या खुर्चीत, मासिकांवरच बसली. "आयझॅक," ती म्हणाली, "तो जाईल ना रे पुढं?" मी म्हणालो, "पुढं म्हणजे? लीगमध्ये जाईल. घोडामैदान जवळच आहे." मला कुणी विचारलं होतं का एवढी खात्री द्यायला? पण मी दिली.

दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, एका सामन्यात त्याच्या हातून चेंडू दोनदा सुटला. टीव्हीवर सगळ्या गावाने पाहिलं. दोन्ही वेळा डाव्या बगलेतून. नोव्हेंबरअखेरच्या सणाला तो घरी आला तेव्हा कोच स्टक्स स्वतः चेंडू घेऊन व्हर्लीनच्या दारात उभे होते. "कॉलेजात गेलास म्हणून नियम बदलत नाही बेटा," म्हणाले. जॅरेलने चेंडू घेतला.

त्या आठवड्यात चेंडू चौदा वेळा पडला. त्यातल्या नऊ वेळा मी पाडला. डावीकडून गेलं की पडतोच हे माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं आणि मी ते दुकानात सगळ्यांना ओरडून सांगितलं. "याची डावी बाजू कच्ची झालीय! लक्ष कुठं असतं रे तुझं? पोरींत?"

"चुकलं मामा," तो म्हणाला.

"चुकलं म्हणून लीगमध्ये घेत नाहीत."

"हो मामा."

प्रूइटकाका म्हणाले, "कॉलेजच्या गादीवर झोपून पोरगं मऊ झालंय. चार दिवस गिरणीत पाठवा." सगळे हसले. जॅरेल खाली वाकला, चेंडू उचलला आणि उजव्या बगलेत घेतला. मी म्हणालो, "डाव्या! कच्चं तेच पक्कं करायचं असतं." त्याने डाव्या बगलेत घेतला आणि मी लगेच पाडला.

हे सगळं मी मुद्दाम सांगतोय. पुढचं ऐकताना कुणी मला शहाणा समजू नये.

चौथ्या वर्षीच्या मार्चमध्ये लीगचे लोक घड्याळं घेऊन त्याच्या कॉलेजात येणार होते. चाळीस यार्ड पळवतात, उड्या मारायला लावतात, चेंडू फेकून झेलायला लावतात, आणि वहीत लिहून घेऊन निघून जातात. त्याच्या दोन दिवस आधी जॅरेल माझ्याकडे केस कापायला आला. दुपारची वेळ होती, प्रूइटकाका जेवायला घरी गेले होते. मी त्याची मान साफ केली, गालाला साबण लावला आणि वाफेच्या पेटीतून चिमट्याने टॉवेल काढला. चिमटा निसटला. तो उकळता टॉवेल धपकन खुर्चीच्या हातावर पडला, जॅरेलच्या डाव्या हातावर.

तो बोलत होता. कॉलेजातल्या एका मित्राच्या लग्नाची गोष्ट सांगत होता. टॉवेल हातावर, वाफ वर येतेय, आणि तो सांगतोय की नवरदेवाने अंगठी कशी हरवली. मी तोंड उघडून उभा. शेवटी मीच टॉवेल ओढून काढला. करंगळीच्या बाजूची कातडी तुकतुकीत झाली होती. मग त्याने खाली पाहिलं आणि फार उशिरा म्हणाला, "आई गं."

मी दाराला कडी लावली आणि बाहेर 'बंद'ची पाटी फिरवली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"जॅरेल, मी न्हावी आहे, गाढव नाही."

त्याने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. "दुसऱ्या वर्षापासून," म्हणाला. "मानेवर धडक बसली की शॉक लागतो, मामा. खांद्यापासून बोटापर्यंत वीज गेल्यासारखा. सगळ्यांनाच लागतो. हात झटकायचा आणि उठून उभं राहायचं."

"आणि आता?"

"आता करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असून नसल्यासारखं आहे. कधी कधी सगळा हातच जातो. मग येतो परत."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर या खुर्चीत बसलो असतो का? घरी शेंगा सोलत बसलो असतो." तो हसला, पण मला हसू आलं नाही. "ते विचारतात, मान दुखते? मी म्हणतो, नाही. मग ते गुडघे बघतात. पळणाऱ्याचे सगळे गुडघेच बघतात, मामा. तुला तर माहीत आहे. माझे गुडघे एक नंबर आहेत."

"आणि उद्या नेमकी तिथंच बसली तर? मानेवर? जन्मभर आडवा पडशील. तुझी आई तुला चमच्याने भरवेल."

"दोन हंगाम," तो म्हणाला. "दोनच. आईला त्या पट्ट्यावरून उतरवतो आणि मग माझ्या पायांनी जाऊन मान दाखवतो. तुझ्या गळ्याची शपथ."

"माझा गळा राहू दे, तुझा सांभाळ."

"तू शपथ घे मामा. आजीची. तोंडातून शब्द काढणार नाहीस. आईपाशी नाही, कोचपाशी नाही, कुणापाशीच नाही."

आणि मी घेतली. माझ्या आईची शपथ मी त्या पोरापुढे माझ्या दुकानात, हातात वस्तरा धरून घेतली. त्याची दया आली म्हणून घेतली असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. पण खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. एकतीस वर्षं मी या गावातल्या डोक्यांवर वाकून उभा आहे, आणि माझ्या रक्ताचं कुणीतरी तिथं पोचावं हे मला जेवणापेक्षा जास्त हवं होतं. आणि तो गेल्यावर, दार उघडताना, मला त्या नऊ वेळा आठवल्या. कच्चं तेच पक्कं करायचं असतं, असं म्हणालो होतो मी.

मी त्याच्याबरोबर कॉलेजला गेलो. तो चाळीस यार्ड चार पूर्णांक चव्वेचाळीस सेकंदांत पळाला, आणि घड्याळवाल्या माणसांनी एकमेकांची घड्याळं पाहिली. झेलही सगळे घेतले. मी मात्र फक्त एकच गोष्ट बघत होतो. डावीकडे पळतानाही त्याने चेंडू एकदाही डाव्या हातात घेतला नाही. एका टोपीवाल्याच्याही ते लक्षात आलं. "डावीकडे जातानाही उजव्यातच?" त्याने विचारलं. "सवय आहे, सर," जॅरेल म्हणाला, आणि असा गोड हसला की त्या माणसानेही हसून पुढचं नाव घेतलं.

नंतरचे पाच-सहा आठवडे म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता. व्हर्लीन रोज कामावरून जाताना दुकानात डोकावायची. "काही कळलं का रे?" मी म्हणायचो, "कळेल." ती खोकायची आणि जायची. मी एकदा पाद्रीबाबांना विचारलं, शपथ मोडली तर काय होतं? ते म्हणाले, कसली शपथ आहे त्यावर आहे. मी म्हणालो, असंच विचारलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. बोललो तर पोरगं जन्मात तोंड बघणार नाही, आणि नाही बोललो तर कदाचित मलाच त्याचं तोंड बघवणार नाही.

एप्रिलच्या शेवटी निवड झाली. तीन दिवस चालते. बत्तीस टीम्स एकेक नाव घेत जातात. आम्ही व्हर्लीनच्या घरी टीव्हीपुढे बसलो होतो. पहिल्या दिवशी फक्त सगळ्यात वरची नावं घेतात, त्यात त्याचं येणार नव्हतंच. दुसऱ्या दिवशी आलं नाही. तिसऱ्या दिवशी शनिवारी संध्याकाळपर्यंत नावं संपली, आणि ते आलं नाही. व्हर्लीनने टीव्ही बंद केला आणि ताटं उचलायला लागली. आणि मी, त्याचा मामा, त्या क्षणी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होतो. सुटलो, असं म्हणत होतो.

तेवढ्यात फोन वाजला. उत्तरेकडची एक टीम होती. निवडीत नाव नसलं तरी ते काही पोरांना नंतर बोलावतात आणि उन्हाळाभर आजमावतात. गुरुवारी विमानात बस, म्हणाले. जॅरेल उभ्या उभ्या "हो सर, हो सर" म्हणत होता, आणि व्हर्लीनच्या हातातली ताटं खाली गेली. एकही फुटलं नाही, प्लास्टिकची होती. ती त्याच्या कमरेला मिठी मारून खाली बसली आणि त्याच्या शर्टात तोंड खुपसून रडली. वर तो माझ्याकडे बघत होता. त्याने फक्त मान हलवली, नाही अशी.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्च सुटल्यावर सगळं गाव माझ्या दुकानात आलं, कारण माझ्या दुकानापुढेच तेवढं पटांगण आहे. उकडलेल्या शेंगांचं भलंमोठं पातेलं, तळलेला मासा, बर्फ घातलेला गोड चहा, पीचची गोड भाकर. प्रूइटकाकांनी त्यांचा लग्नातला कोट घातला होता. "लीगवाल्यांना सांग," ते जॅरेलला म्हणत होते, "तुला पळायला मी शिकवलं. चर्चच्या पायरीवर."

"तुम्ही शिंक शिकवलीत काका."

"तेच तर! शिंक आली तरी पडला नाही. हे लिहून दे त्यांना."

कोच स्टक्सनी शाळेच्या कपाटातून राज्याचं विजेतेपद जिंकल्याच्या वर्षीचा चेंडू आणला होता. सगळ्यांनी त्यावर सह्या करायच्या, आणि मग तो जॅरेलबरोबर जाणार. सह्या झाल्या. कुणीतरी फोटो काढायला फोन वर धरला. जॅरेल दुकानाच्या पायरीवर उभा राहिला, एका बाजूला व्हर्लीन, दुसऱ्या बाजूला कोच. चेंडू उजव्या बगलेत.

मी काहीच ठरवलेलं नव्हतं. निदान मला तसं वाटतं. मी फक्त म्हणालो, "डाव्या हातात घे रे. उजवीकडून ऊन येतंय, सह्या दिसायच्या नाहीत."

तो एक क्षण थांबला. मग लोकांसमोर नाही म्हणता येईना म्हणून त्याने हात बदलला. मी पायरीपाशी गेलो आणि दोन बोटांनी चेंडूच्या टोकाला टिचकी मारली. फक्त टिचकी. पोस्टातल्या बाईंच्या नातीलाही जमली असती.

चेंडू पडला.

पटांगणात हसण्याचा गदारोळ झाला. "एक दिवस वाढला!" प्रूइटकाका ओरडले. "विमानात चेंडू घेऊन बसवा याला!" जॅरेलही हसला, वाकला आणि चेंडू उचलून उजव्या हातात घेऊ लागला.

"डाव्या," मी म्हणालो.

"मामा."

"डाव्या."

त्याने घेतला. मी परत टिचकी मारली. चेंडू पायरीवरून उडून शेंगांच्या पातेल्यापाशी गेला. लोक हसले, पण थोडे कमी. एका पोराने तो आणून दिला. जॅरेल आता चेंडू पोटाशी आवळून, खांदा पुढे काढून उभा राहिला. त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. सगळ्या ताकदीने धरला होता त्याने, मला दिसत होतं. आणि डाव्या हाताची करंगळी चेंडूवर नव्हतीच. ती हवेत होती आणि त्याला ते माहीत नव्हतं.

मी तिसऱ्यांदा पाडला. हसणं थांबलं. चौथ्यांदा मी हातही नीट लावला नाही.

प्रूइटकाका हळूच म्हणाले, "पोरगं धरत का नाही?"

कोच स्टक्सनी टोपी काढली. ते जॅरेलसमोर गेले आणि आपली दोन बोटं त्याच्या डाव्या हातात दिली. "दाब," म्हणाले. जॅरेलने दाबली. "दाब बेटा." "दाबतोय सर," जॅरेल म्हणाला, आणि तेव्हा त्याचा आवाज फुटला. कोचनी माझ्याकडे पाहिलं. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर मला तो नोव्हेंबर दिसला. त्यांनीच दारात नेऊन दिलेला चेंडू, आणि चौदा वेळा.

व्हर्लीनने मुलाचा हात कोचच्या हातातून काढून घेतला. उलटा केला, सुलटा केला. भाजल्याचा डाग तिला दिसला. "हे कधीचं?" तिने विचारलं. त्याने मान खाली घातली. मग ती माझ्याकडे वळली आणि तेच तिने मला विचारलं. मी बोललो नाही. शपथ होती ना. पण ती माझी बहीण आहे. तिला उत्तर मिळालं.

जॅरेल माझ्याजवळून जाताना थांबला. "एक शब्द काढला नाहीस," तो म्हणाला. "शाबास मामा." आणि पटांगण ओलांडून निघून गेला.

मंगळवारी व्हर्लीन त्याला अटलांटाला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मला कुणी बोलावलं नाही. हे सगळं मला कोचनी नंतर सांगितलं. डॉक्टरांनी मानेचं चित्र भिंतीवर लावलं आणि एक बोट वर केलं. एक, म्हणाले. अजून एक नेमकी धडक बसली असती तर मानेखालचं सगळं त्या हातासारखं झालं असतं. एवढ्यावर हा पोरगा दोन वर्षं खेळलाच कसा, हे त्यांना कळेना. टीमला फोन कोचनी केला. ते लोक सभ्यपणे बोलले, बरं वाटू दे म्हणाले, आणि त्याच दुपारी त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं असणार. जूनमध्ये ऑपरेशन झालं. मानेतले दोन मणके जोडून टाकले.

व्हर्लीन तीन महिने माझ्याशी बोलली नाही. मग एकदा दारात उभी राहून म्हणाली, "तुला मार्चपासून माहीत होतं. त्याने मार्च ते एप्रिल एकदा जरी कुणाला धडक दिली असती तर?" मी म्हणालो, "त्या दिवसांत सामने नसतात." ती म्हणाली, "आयझॅक, एवढंच आहे का तुझ्याकडे?" एवढंच होतं. आपलेच दात, आपलेच ओठ, चावलं तर ओरडायचं कुणाच्या नावाने? ती गेली आणि मी दिवसभर कुणाचे तरी केस कापत राहिलो.

कोचनी तो नियम बंद केला. ऑगस्टमध्ये नव्या हंगामाच्या पहिल्या दिवशी पोरांना म्हणाले, आता ज्याच्या हातून चेंडू सुटेल त्याने आधी माझ्याकडे येऊन हात दाखवायचा. गावाला ते आवडलं नाही. प्रूइटकाका म्हणाले की परंपरा मोडली. पण ते तिसऱ्या खुर्चीतून, खालच्या आवाजात म्हणाले.

जॅरेल सप्टेंबरपासून गिरणीत लागला. फोलपटांच्या पट्ट्यावर, आईच्या शेजारी. ज्या जागेवरून तिला उतरवायचं होतं, तिथं तोच जाऊन उभा राहिला. मी सकाळी दुकान उघडताना दोघं समोरून जायचे. ती मान हलवायची. तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालायचा. केस वाढू दिले होते त्याने. सगळ्या गावात न्हावी मी एकटा आहे.

पुढच्या मार्चमध्ये एका दुपारी तो आला. केसांत शेंगांची धूळ होती. प्रूइटकाका उठले आणि म्हणाले, मला जेवायचंय. त्यांचं जेवण झालेलं होतं. गेले.

जॅरेल खुर्चीत बसला. मी चादर बांधली. केस कापले, साबण लावला, आणि काही न बोलता वाफेच्या पेटीपाशी गेलो. चिमट्याने टॉवेल काढला आणि गार व्हायला हवेत हलवायला लागलो.

"दे इकडं," तो म्हणाला आणि त्याने डावा हात पुढे केला.

"गरम आहे."

"दे."

मी त्याच्या तळव्यावर टॉवेल ठेवला. त्याने बोटं मिटली. त्याचा जबडा घट्ट झाला, पण हात त्याने मागे घेतला नाही.

"भाजतंय," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "करंगळीलापण."

मला रडू आलं. आरसा समोर होता, त्यामुळे लपवायची सोय नव्हती.

"तरी मी गेलो असतो, मामा," तो म्हणाला. "आज परत विचारलं तरी गेलो असतो."

"माहीत आहे."

"आणि तुला माफ केलेलं नाही."

"मी मागितली कुठं?"

टॉवेल काढून त्याने मांडीवर ठेवला, डोकं मागे टेकलं आणि हनुवटी वर केली. ऑपरेशन डॉक्टरांनी पुढून केलं होतं. गळ्यावर, बरोबर वस्तऱ्याच्या वाटेत, बोटभर लांबीचा आडवा व्रण होता. मी वस्तरा उघडला, व्रणाच्या कडेला टेकवला आणि थांबलो. एकतीस वर्षांत माझा हात कधी थरथरला नव्हता.

जॅरेलने डोळे मिटलेलेच ठेवले. "हात हलतोय तुझा," तो म्हणाला. "घट्ट धर."